उतारावर गाडी कशाच्या भरवशावर उभी असते?

आमच्या शिराळ्यात बटणाच्या हँडब्रेकच्या गाड्या आता सर्रास दिसतात. तक्रारही ठरलेली: 'पार्किंग ब्रेक आणि ब्रेक होल्ड, दोन्हीचे दिवे एकदम लागलेत, आता काय?' यासाठी थोडा इतिहास बघावा लागतो.

1863 साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. चढ 37 फुटाला 1 फूट. उतरताना भिस्त हाताने आवळायच्या ब्रेकवर. 1869 च्या जानेवारीत घाट उतरणारी मेल ताब्यातून सुटली आणि रिव्हर्सिंग स्टेशनपाशी अपघात झाला. त्याच वर्षी अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउसने हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं. त्यातही खोट होतीच, नळी फुटली की ब्रेक गेला. मग 1872 मध्ये त्याने गणितच उलटं केलं: हवा गेली की ब्रेक लागलाच पाहिजे. आज ट्रकचा पार्किंग ब्रेकही असाच असतो. स्प्रिंग ब्रेक आवळते, हवा तिला मागे रेटून धरते.

कारच्या नशिबी हे आलंच नाही. दांडा ओढा, केबल ताणा. केबल तुटली की संपलं. म्हणून आपल्या डोंगरी तालुक्यात लोक गाडी गिअरमध्ये ठेवून वर चाकाखाली दगड लावतात. बरोबरच करतात.

2001 मध्ये बीएमडब्ल्यूने सेव्हन सिरीजमध्ये दांड्याऐवजी बटण आणलं. आता बहुतेक गाड्यांत मागच्या चाकापाशी छोटी मोटर असते, ती स्क्रू फिरवून पॅड आवळते. बॅटरी उतरली तरी लागलेला ब्रेक लागलेलाच राहतो. पण सुटलेला असेल तर तोही सुटलेलाच!

ब्रेक होल्ड वेगळी चीज. तो एबीएसच्या व्हॉल्व्हमध्ये ब्रेक ऑइलचा दाब कोंडून ठेवतो. सिग्नलला पायाला आराम, एवढंच. पट्टा सोडला किंवा दार उघडलं की बहुतेक गाड्या ते काम मोटरकडे सोपवतात. म्हणून मोटर रुसली की होल्डही बंद. दिवे दोन, बिघाड बहुधा एकच. आधी बॅटरीचं व्होल्टेज बघा. मग ब्रेक दाबून मागचे लाल दिवे लागतात का ते. नसतील तर पेडलचा स्विच संशयित. मग मोटरच्या वायरी. आणि पॅड बदलताना सर्व्हिस मोड न लावता पिस्टन मागे दाबू देऊ नका, मोटरची वाट लागते.

आता सरकारी बाजू. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे लायसन्सच्या परीक्षेत चढावर गाडी थांबवून, मागे न घसरता पुढे काढून दाखवायची असते. हँडब्रेक नीट वापरण्याचा उल्लेखही त्यात आहे. होल्ड चालू असेल तर हे काम गाडीच करते, उमेदवाराला काय येतं ते कळतच नाही. परीक्षेत होल्ड बंद करायला लावा, आणि दोन दिवे लागले तर काय करशील हेही तिथेच विचारा. कोकरूड-मलकापूरवरून आंबा घाटात उतरणाऱ्या नव्या ड्रायव्हरला ते माहीत असायला हवं.