डेव्हिस, डेव्हिड

डेव्हिस, डेव्हिड (९ मार्च १८१५–२६ जून १८८६) : अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील आठव्या फिरत्या न्यायमंडळाचा न्यायाधीश आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती. जन्म मेरिलँड राज्यातील सेसिल काउंटीत. १८३२ मध्ये केन्यन कॉलेजातून पदवी घेतल्यावर मॅसॅचूसेट्समध्ये एका वकिलाच्या हाताखाली व नंतर न्यू हेवन येथे त्याने कायद्याचा अभ्यास केला आणि १८३६ पासून ब्लूमिंग्टनमध्ये वकिली सुरू केली. अब्राहम लिंकनचा स्नेही आणि १८६० मध्ये त्याला रिपब्लिकन पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी मिळवून देणारा सूत्रधार एवढीच त्याची ओळख बहुधा सांगितली जाते. ती अपुरी आहे. त्याची न्यायदृष्टी १८४८ ते १८६२ या काळात लहान लहान काउंट्यांच्या कोर्टांत घडली आणि त्याचा सर्वांत मोठा निकालही त्या अनुभवाच्या संदर्भातच नीट उलगडतो.

इलिनॉयच्या १८४८ च्या राज्यघटनेने न्यायाधीश लोकांनी निवडावेत असे ठरवले. मुदत सहा वर्षांची, पगार सालीना १,००० डॉलर. याच पद्धतीने निवडून आलेल्या डेव्हिसच्या मंडळात प्रारंभी १४ काउंट्या होत्या आणि वसंतात व शरदात अशा दोन फिरत्या त्याला कराव्या लागत. प्रत्येक फिरती सुमारे तीन महिने चाले. रेल्वे येईपर्यंत हा सगळा प्रवास बग्गीने, चिखल तुडवत आणि फुगलेले ओढे ओलांडत होई. वकीलही बरोबर निघत. पण सगळे मंडळ पालथे घालणारे थोडे, त्यांत लिंकन एक. मुक्कामाच्या खाणावळीत दोन-दोन वकील एका खाटेवर झोपत. जवळजवळ ३०० पौंड वजनाच्या डेव्हिसला मात्र स्वतंत्र खाट मिळे. कोर्ट भरले की अशील तिथेच वकील गाठत आणि तासाभरात दावा उभा राही. बहुतेक प्रकरणे वचनचिठ्ठीच्या वसुलीची, जमिनीची, अब्रूनुकसानीची किंवा घटस्फोटाची असत. मधूनच एखादा खुनाचा खटला येई. कोर्ट उठून पुढच्या गावाला गेले की पुढची बैठक कित्येक महिन्यांनी. हाताशी ग्रंथही मोजकेच. त्यामुळे साक्षीदाराची पारख आणि वस्तुस्थितीची पकड यांवर भर देऊन झटपट निकाल देणे भाग होते. डेव्हिसचे बळ नेमके इथे होते. कायद्यातील सूक्ष्म तत्त्वचर्चेत त्याला फारशी गती नव्हती, हे मान्य करायला हवे.

एकत्र प्रवास, एकाच पंगतीला जेवण आणि रात्री उशिरापर्यंत गप्पा असताना निःपक्षपात कसा टिकणार, हा आक्षेप रास्त आहे. डेव्हिस काही वेळा आपल्या जागी लिंकनलाच न्यायासनावर बसवी. या प्रघाताला कायद्याचा आधार नव्हता आणि वरिष्ठ न्यायालयाने पुढे तो अमान्य ठरवला. त्याचे समर्थन करता येत नाही. पण निकालांत स्नेह उतरला होता का, हे निकालच पाहून ठरवावे. डेव्हिसचा चरित्रकार विलर्ड किंग याने ज्यूरीविना चाललेल्या ८७ प्रकरणांची मोजदाद केली. त्यांत लिंकनने ४० जिंकली आणि ४७ गमावली. मित्राला झुकते माप देणाऱ्या न्यायाधीशाच्या दप्तरात असे आकडे सापडत नाहीत.

१८६२ मध्ये लिंकनने त्याची सर्वोच्च न्यायालयावर नेमणूक केली, तेव्हा ती निवडणुकीतील श्रमांची भरपाई ठरवली गेली. राजकीय ऋण त्या नेमणुकीत होतेच. म्हणून १८६६ चा मिलिगन खटल्याचा निकाल महत्त्वाचा. इंडियाना राज्यात मुलकी न्यायालये सुरळीत चालू असताना लष्करी आयोगाने लॅम्बडिन मिलिगन या नागरिकाला फाशी सुनावली होती. न्यायालये उघडी असतील तिथे नागरिकावर लष्करी खटला चालवता येत नाही, असे डेव्हिसने बहुमताच्या निकालपत्रात लिहिले. हा आयोग लिंकनच्याच कारकिर्दीतला. यादवी युद्ध संपल्यावर दाखवलेले हे धैर्य स्वस्तातले होते, असे म्हणता येईल. परंतु दक्षिणेत लष्करी अंमल हवा असणारे रिपब्लिकन पुढारी या निकालावर तुटून पडले, आणि आपण युद्धकाळातच लिंकनकडे अशा खटल्यांना विरोध केला होता, असे डेव्हिसने लिंकनचा वकिलीतील भागीदार विल्यम हर्नडन याला सांगितले. काउंटीचे कोर्ट भरलेले असणे ही त्याच्या लेखी पुस्तकी कल्पना नव्हती. अशी कोर्टे त्याने स्वतः चौदा वर्षे चालवली होती.

१८७७ मध्ये इलिनॉयच्या विधिमंडळाने त्याला सिनेटवर निवडले; वादग्रस्त अध्यक्षीय निवडणुकीचा निर्णय करणाऱ्या आयोगावर तो त्यामुळे बसला नाही. १८८१ ते १८८३ तो सिनेटचा हंगामी अध्यक्ष होता. ब्लूमिंग्टन येथे त्याचे निधन झाले.