गुराबीचं लाकडी मॉडेल

मंडळी, घणसोलीच्या खाडीकाठी बोलतोय, तर गुराबीचंच बोलू. मुंबईत १८१७ साली सागवानात बांधलेली ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूलला आहे. मॉडेल करणाऱ्याने जाऊन मोजावी. आंग्र्यांच्या गुराबीचं काय? तुळाजींचा ताफा १७५६ मध्ये विजयदुर्गाला जळाला. मग आधार कोणाचा? शत्रूपक्षाचा, कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म! तो सांगतो: दोन, क्वचित तीन डोलकाठ्या, मध्ये रुंद, पुढे निमुळती, आणि समोर रोखलेल्या दोन मोठ्या तोफा. बाजूच्या तोफा त्याहून लहान. म्हणजे पाठलाग करता करताच मारा. कारागिराने ब्रिटिश फ्रिगेटसारख्या नुसत्या बाजूच्या तोफा लावल्या, तर दिसेल देखणं, पण गुराब नव्हे हो! आधी त्या दोन तोफांची भोकं पाडा, नक्षीकाम नंतर.