हस्तर आपला, पण त्याचं मूळ कुठलं?

हेडफोन लावलेत ना? मग आवाज जरा कमी करा, आज भुतांची गोष्ट आहे.

परभणीहून पूर्णेकडे निघालं की पिंगळी स्टेशन लागतं. ते आमचं गाव. लहानपणी लाइट गेली की आजी गोष्टी सांगायची. मुंजा, हडळ, खवीस. त्यात बाहेर खरा पिंगळा ओरडला की आम्ही पोरं थेट वाकळेत!

म्हणून २०१८ मध्ये ‘तुंबाड’ पाहिला तेव्हा वाटलं, हस्तर आपल्याच मातीतला. पण त्याचं मूळ शोधत गेलो आणि भलतीकडेच पोचलो. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना बीज मिळालं नारायण धारपांच्या कथेतून. धारपांची ‘आजी’ ही कथा स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’वर बेतलेली. किंगच्या त्या गोष्टीत ‘हस्तूर’ हे नाव येतं. ते आधी अँब्रोज बिअर्सने वापरलं होतं, नंतर एच. पी. लव्हक्राफ्टने उचललं.

हा लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) म्हणजे भयकथेतला बाप माणूस. आणि कट्टर वंशद्वेष्टा. १९१२ मध्ये त्याने काळ्या लोकांना अर्धवट माणूस ठरवणारी कविता लिहिली. १९२४ मध्ये तो न्यूयॉर्कला राहायला गेला. तिथल्या स्थलांतरितांच्या वस्तीची त्याला इतकी किळस आली, की ‘द हॉरर ॲट रेड हुक’ या कथेत ती वस्तीच त्याने सैतानाचा अड्डा केली. बायको ज्यू होती, तरी पत्रांत ज्यूंबद्दल गरळ ओकतच राहिला.

“अहो, त्या काळी सगळेच तसे होते!” असं कुणी म्हणेल. नव्हते ना. त्याच शहरात, त्याच वर्षांत, हार्लेममध्ये काळे लेखक नवं साहित्य घडवत होते.

आता आपल्याशी संबंध काय, ते ऐका. ‘द कॉल ऑफ क्थुल्हू’मध्ये समुद्राखालचा राक्षस चाळवतो, ते साल १९२५. जगभर लोकांना वेड लागतं, आणि त्याच यादीत भारतातली खबर येते: मार्चअखेर ‘नेटिव्ह’ लोकांत अशांतता. म्हणजे आपली माणसं उठली, तर ते राक्षसाच्या स्वप्नामुळे! ही कथा लिहिली गेली १९२६ मध्ये आणि छापली गेली फेब्रुवारी १९२८ मध्ये. मधल्या काळात, २० मार्च १९२७ ला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर पाणी प्यायले. ‘अशांतता’ म्हणजे खरं काय असतं, ते तिथे दिसतं. तहान आणि हक्क.

मग पुस्तक फेकून द्यायचं का? मी नाही फेकलं. अफाट विश्वात माणूस किती क्षुल्लक आहे, ही लव्हक्राफ्टची भीती मला आजही हलवते. पण त्याची दुसरी भीती होती शेजाऱ्याची, आणि ती मी ओळखून बाजूला ठेवतो. २०१५ मध्ये वर्ल्ड फँटसी पुरस्काराने लव्हक्राफ्टचा मुखवटा असलेली ट्रॉफी बंद केली. पुस्तकं मात्र दुकानात राहिलीच. २०१६ मध्ये व्हिक्टर लाव्हाल या कृष्णवर्णीय लेखकाने ‘रेड हुक’चीच कथा काळ्या नायकाच्या नजरेतून पुन्हा लिहिली. रागही आहे, प्रेमही आहे.

आणि बोट फक्त अमेरिकेकडे दाखवून सुटका नाही बरं का. आजीच्या गोष्टी आठवा. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी मेलेला बामणाचा पोरगा. खवीस म्हणजे मुसलमानाचं भूत, असं मानतात. मेल्यावरही जात सुटली नाही! कुणाच्या भुताला नैवेद्य आणि कुणाचं भूत नुसतं खुनशी, हे आपणच ठरवलं.

आजीच्या गोष्टी मी सोडणार नाही. माझ्या पोरांनाही सांगेन, लाइट घालवूनच सांगेन. फक्त खवीस आला की थांबून विचारेन, “याला भूत कुणी केलं रे?”

त्या प्रश्नाने गोष्टीची मजा जात नाही. उलट अंधार जरा जास्तच गडद होतो.

भेटू पुढच्या भागात. आणि हो, पिंगळा ओरडला तर घाबरू नका. पक्षीच आहे तो.