पिवळ्या बूथपासून आपल्या ग्रुपपर्यंत

आपली बॅच मार्च १९९५ ची. दहावीचा निकाल लागला, पेढे वाटून झाले, अकरावीच्या प्रवेशाची धावपळ संपली आणि त्याच वर्षी ३१ जुलैला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना मोबाईलवरून फोन लावला. भारतातला पहिला मोबाईल कॉल म्हणून त्याची नोंद आहे. सांगलीत तेव्हा या बातमीचं कुणाला काही वाटल्याचं आठवत नाही. आपल्यापैकी निम्म्यांच्या घरी साधा फोनही नव्हता. शाळेच्या फॉर्मवर फोनच्या रकान्यात शेजाऱ्यांचा नंबर लिहून पुढे 'पी.पी.' असं लिहायचो, आठवतं? फोन आला की शेजारच्या काकू गॅलरीतून हाक मारायच्या, आणि आपण चपला न घालताच धावायचो.

म्हणून तर नववीत असताना किल्लारीची बातमी आपल्यापर्यंत फोनवरून आली नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. रेडिओ, मग दुसऱ्या दिवसाचं वर्तमानपत्र आणि शाळेत फिरलेला मदतीचा डबा, इतकंच आपल्याला कळलं. लातूर-उस्मानाबादकडच्या ज्यांचे नातेवाईक होते त्यांनी कित्येक दिवस ते जिवंत आहेत की नाहीत हे न कळता काढले. आज कुणी दहा मिनिटं फोन उचलला नाही तरी आपला जीव खालीवर होतो. ती माणसं कशी राहिली असतील?

गावोगाव पिवळे एस.टी.डी. बूथ उभे राहिले त्यामागे एक गोष्ट आहे, आणि माझ्या व्यवसायामुळे मला ती फार आवडते. १९८४ मध्ये सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था निघाली. त्यांनी ग्रामीण भागासाठी १२८ लाइनींचं छोटं एक्स्चेंज बनवलं. परदेशी एक्स्चेंजना वातानुकूलित खोली लागे, याला ती लागत नव्हती. धुळीत, उकाड्यात, बेभरवशाच्या विजेवर ते चालायचं. १९८६ मध्ये त्यातलं पहिलं बसलं ते आपल्यापासून फार लांब नाही, कर्नाटकात कित्तूरला.

मी वालचंदला इंजिनीअरिंग करत होते तेव्हा हॉस्टेलच्या मुली रात्री अकरानंतरच्या पाव दरासाठी बूथसमोर रांग लावायच्या. मीटरच्या लाल आकड्यांकडे बघत आईशी बोलायचं, हे आपल्या मुलांना सांगून समजणार नाही. मोबाईल तर तेव्हा बिल्डर आणि डॉक्टरांकडे. सुरुवातीला मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर होता आणि येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. त्यातूनच आपण मिस्ड कॉलची भाषा शोधली: एक रिंग म्हणजे पोचले, दोन म्हणजे स्टँडवर घ्यायला या. मे २००३ पासून येणारे कॉल फुकट झाले, आणि माझ्या मते खरा मोबाईल भारतात तेव्हा आला. एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरं १६० बसत, देवनागरी फक्त ७०. आपण 'कसा आहेस' रोमन लिपीत लिहायला लागलो त्याला आळस जेवढा कारण, तेवढंच हे गणितही.

२६ जुलै २००५ ला मी मुंबईत, अंधेरीच्या ऑफिसात होते. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. दुपारपर्यंत प्रत्येकाच्या हातात मोबाईल होता आणि संध्याकाळी त्यातला एकही लागत नव्हता. टॉवरला वीज लागते. ती गेली की बॅटरी, बॅटरी संपली की डिझेलचा जनरेटर, आणि डिझेलची गाडी पाण्यात. उरलेल्या टॉवरवर लाखो लोक एकदम तुटून पडलेले. आमच्या मजल्यावर एक जुना वायरचा फोन मात्र चालू होता, कारण त्याला वीज एक्स्चेंजमधूनच तारेतून येते. चाळीसेक जणांनी रांग लावून अर्धा-अर्धा मिनिट बोलून घेतलं. माझ्या वाट्याच्या अर्ध्या मिनिटात बाबा एवढंच म्हणाले, "असशील तिथंच थांब." त्यानंतरच्या दिवसांत सांगलीतही कृष्णा पात्राबाहेर आली.

पुढे व्हॉट्सअ‍ॅप आलं आणि आपला ग्रुपही झाला. त्या कौतुकात एक काळं पान विसरायला नको. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा फोनवरून फिरत होती. मारलेले पाचही जण मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे. म्हणजे आपल्या शेजारच्या तालुक्यांतले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा आणली.

आणि मग ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांवर गेलं. महामार्ग बंद, मी पुण्यात अडकलेली, आईबाबा विश्रामबागेत म्हणून सुरक्षित; पण गावभागात, मारुती चौकात, सांगलवाडीत आपल्या कितीतरी जणांची घरं. पहिल्या दिवशी ग्रुपवर नुसता कल्लोळ होता. 'तातडीने बोट हवी' असे निरोप, पण कधीचे? त्यावर ना तारीख, ना वेळ. एका वृद्ध जोडप्याला बाहेर काढल्यावरही त्यांचा निरोप तीन दिवस फिरत राहिला. अडकलेल्यांचे फोन बंद पडले ते पुरामुळे कमी आणि चौकशीच्या कॉलनी बॅटरी संपल्यामुळे जास्त, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघांनी एक तक्ता केला. गल्ली, कितवा मजला, माणसं किती, औषधं कोणती, निरोप कधीचा, पुढे काय झालं. प्रत्येक घराला फोन करणारा एकच माणूस, बाकीच्यांनी करायचा नाही. आपल्याला रात्र झाली की अमेरिकेतली वर्गमैत्रीण तो तक्ता सांभाळायची. पण त्या तक्त्याला जीव दिला तो आपल्या एका मित्राने (नाव छापायचं नाही, असं त्याने बजावलंय). त्याच्याकडे साधा बटणांचा फोन. गावभागातला बोळ न् बोळ पाठ. आम्ही पत्ता वाचून दाखवायचा आणि त्याने बोटीवरच्या पोरांना 'पिंपळाच्या मागचं निळं दार' असं सांगायचं.

तरी आपल्या एक बाई कोणत्याच यादीत नव्हत्या. एकट्या राहणाऱ्या, मोबाईल न वापरणाऱ्या. त्यांची आठवण झाली ती शाळेतल्या शिपाईमामांना. त्यांच्या जुन्या डायरीत बाईंच्या शेजाऱ्यांचा नंबर होता, पुढे 'पी.पी.' लिहिलेला. त्या शेजाऱ्यांकडेच बाई वरच्या मजल्यावर सुखरूप होत्या, आणि आम्हालाच विचारत होत्या, "तुम्ही सगळे जेवलात का?"

२०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम ठणाणा वाजले होते, ती सरकारी इशारा यंत्रणेची चाचणी होती. तीही सी-डॉटचीच, कित्तूरला एक्स्चेंज बसवणाऱ्या संस्थेची. तो इशारा एकेका नंबरला जात नाही. टॉवर आपल्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना एकदमच सांगतो, त्यामुळे गर्दीत अडकत नाही. मात्र फोन चालू हवा, टॉवर उभा हवा, आणि बाईंसारख्यांकडे फोनच नाही.

म्हणून या मेळाव्यात आम्ही एक वही फिरवतोय. सर आणि बाईंची पानं सर्वांत आधी. प्रत्येकाचा पत्ता, घरातला मजला, नेहमीची औषधं आणि पी.पी. नंबर. ही यादी छापणार नाही, ग्रुपवर टाकणार नाही; तीन प्रती तिघांच्या कपाटात राहतील, त्यातली एक सांगलीबाहेर. अजून अकरा जणांचे पी.पी.चे रकाने रिकामे आहेत. जेवणाच्या सुट्टीत मी पाण्याच्या टाकीजवळ बसणार आहे, शेजाऱ्यांना विचारून नंबर घेऊन या.