रानचिमणी : दिल्लीच्या अरवलीतील पिवळ्या गळ्याचा पक्षी

नवी दिल्ली : दिल्ली सरकारने २०१२ मध्ये घरचिमणीला राज्यपक्षी घोषित केले. तिची रानातील नातलग असलेली रानचिमणी मात्र दक्षिण दिल्लीतील असोला भाटी अभयारण्यात आणि हरियाणातील मांगर बनीच्या परिसरात वावरत असूनही बहुतेकांना अनोळखीच आहे.

‘जिम्नोरिस झँथोकोलिस’ हे तिचे शास्त्रीय नाव. घरचिमणीपेक्षा ती किंचित लहान, चोच अधिक निमुळती. ओळखीची पहिली खूण म्हणजे पाठ : घरचिमणीच्या पाठीवर गडद रेघा असतात, रानचिमणीची पाठ मात्र एकरंगी, करडी-तपकिरी असते. नराच्या खांद्यावर तांबूस डाग, पंखावर पांढरे पट्टे आणि पांढऱ्या हनुवटीखाली पिवळा ठिपका असतो. विणीच्या काळात त्याची चोच काळी होते. मादीत हे रंग फिके असतात. केवळ पिवळा गळा शोधत बसणाऱ्या निरीक्षकाची म्हणूनच अनेकदा फसगत होते.

याच ठिपक्याने भारतीय पक्षिशास्त्राला सलीम अली दिले. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने टिपलेली पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. संस्थेचे तत्कालीन मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी ती ओळखून दिली आणि संग्रहातील इतर पक्षीही दाखवले. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ या आत्मचरित्राचे नावही त्याच प्रसंगावरून आले.

रानचिमणी दाणे व कीटक टिपण्यासाठी जमिनीवर उतरते. करीर आणि मोहाच्या फुलांतील मधही तिला प्रिय आहे. मध पिताना कपाळाला पराग चिकटतात आणि त्यातून परागीभवन घडते. हे काम घरचिमणीच्या खाती सहसा मांडले जात नाही.

जागतिक पातळीवर ती संकटग्रस्त नाही. अडचण घरट्याची आहे. उन्हाळ्यातील विणीसाठी तिला झाडाची ढोली लागते, पण ती स्वतः कोरता येत नाही. सुतार किंवा तांबट पक्ष्याने सोडलेल्या ढोलीत गवत, केस, पिसे अंथरून मादी साधारण तीन-चार अंडी घालते. त्यामुळे ‘वाळलेले’ म्हणून तोडलेले खोड सरकारी दप्तरी निरुपयोगी ठरले, तरी रानचिमणीच्या लेखी ते राहते घर असू शकते.