अमेरिकन शिकारी रायफली : संग्रह व रसग्रहण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अठराव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शिकारीसाठी तयार करण्यात आलेल्या रायफलींना आज संग्राह्य वस्तूंमध्ये महत्त्वाचे स्थान आहे. ज्या बंदुकीच्या नळीच्या आतील पृष्ठावर पेचदार खोबणी कोरलेल्या असतात, तिला रायफल म्हणतात. या खोबणींमुळे गोळीला स्वतःभोवती फिरण्याची गती मिळते व ती लांब अंतरापर्यंत आपली दिशा राखते. यूरोपात उत्तम शिकारी हत्यारे प्रामुख्याने राजघराणी व सरदारवर्ग यांच्यासाठी घडविली जात. अमेरिकेत मात्र शेतकरी, फासेपारधी व गुराखी हेच त्यांचे मुख्य ग्राहक होते. त्यामुळे तेथील जुनी रायफल ही त्या देशाच्या सामाजिक व औद्योगिक इतिहासाचे एक साधन ठरते. हा इतिहास तिच्या मूळ पृष्ठावरून, तिच्यावरील खुणांवरून व झिजेवरून वाचावा लागतो. म्हणूनच या क्षेत्रात नूतनीकरणापेक्षा मूळ स्थितीला अधिक मोल दिले जाते.

ठासणीच्या रायफली : पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर व त्याच्या आसपासच्या भागात स्थायिक झालेल्या जर्मन व स्विस कारागिरांनी आपल्या मायदेशातील आखूड व जाड नळीच्या ‘येगर’ शिकारी रायफलीत नव्या परिस्थितीनुसार बदल केले. नळीची लांबी वाढली व तिचा अंतर्व्यास कमी झाला. लहान गोळीमुळे शिसे व दारू यांची बचत होई. बाजारपेठेपासून दूर असलेल्या रानात ही बाब महत्त्वाची होती. चरबी लावलेल्या कापडाच्या तुकड्यात गुंडाळून गोळी ठासली जाई. या रायफलीस पुढे ‘केंटकी रायफल’ हे नाव रूढ झाले. तथापि तिचे जन्मस्थान पेनसिल्व्हेनिया हेच होय. लहरदार रेषांच्या मॅपल लाकडाचा सडपातळ दस्ता व त्यातील कापडी तुकडे ठेवण्याच्या कप्प्याचे नक्षीदार पितळी झाकण ही तिची वैशिष्ट्ये होत. या झाकणाचा आकार व दस्त्यावरील कोरीवकाम यांवरून जाणकारांना रायफल कोणत्या परगण्यात, काही वेळा कोणत्या कारागिराच्या हातून घडली, हेही सांगता येते.

पश्चिमेकडील मैदाने व पर्वत यांतील मोठ्या प्राण्यांसाठी अधिक दणकट हत्याराची गरज होती. सेंट लूइस येथील जेकब हॉकन (१७८६–१८४९) व सॅम्युएल हॉकन (१७९२–१८८४) या बंधूंनी ती पुरी केली. त्यांच्या रायफली आखूड, जड व मोठ्या अंतर्व्यासाच्या असून गारेऐवजी स्फोटक टोपीने बार पेटविण्याची सोय त्यांत असे. घोड्यावरून नेण्यास त्या सोयीच्या होत्या. फरसाठी शिकार करणाऱ्यांच्या हाती त्या फार खडतर वापरात राहिल्याने अस्सल व निर्दोष नमुने विरळ आहेत.

मागून भरण्याच्या रायफली आणि बायसनचा संहार : क्रिश्चन शार्प्स (१८१०–७४) यांना १८४८ मध्ये मागून भरण्याच्या रायफलीचे एकस्व मिळाले. तीत नळीमागील पोलादी ठोकळा तरफेने खाली सरकविता येत असे. धातूचे काडतूस प्रचारात आल्यावर हीच रचना त्यासाठी वापरण्यात आली. शार्प्स व रेमिंग्टन या कंपन्यांच्या जड, एकबारी रायफली १८७० नंतर बायसनच्या व्यापारी शिकारीत मोठ्या प्रमाणावर वापरल्या गेल्या. त्यांतील काहींचे वजन ५ ते ७ किग्रॅ. असे. लोहमार्गांचा विस्तार आणि कातड्यांना मिळालेली औद्योगिक मागणी यांमुळे ही शिकार झपाट्याने वाढली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कोट्यवधींच्या संख्येने असलेला हा प्राणी, विल्यम हॉर्नडे यांनी १८८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणनेनुसार, सु. १,१०० इतकाच उरला होता. बायसनबरोबरच त्यावर जगणाऱ्या मैदानी आदिवासींच्या निर्वाहाचा आधारही नष्ट झाला. शार्प्स कंपनीचे उत्पादन १८८१ च्या सुमारास बंद पडले. या रायफलींचे यांत्रिक गुण मान्य करतानाच त्यांच्या या इतिहासाची जाणीव ठेवणे, हा त्यांच्या रसग्रहणाचा आवश्यक भाग मानावा लागतो.

तरफेच्या रायफली : एकदा भरून अनेक बार काढता येणाऱ्या रायफलींत बेंजामिन टायलर हेन्री (१८२१–९८) यांची १८६० ची रचना मूलभूत ठरली. चापाभोवतालची तरफ खालीवर केली की, रिकामे काडतूस बाहेर पडून नवे नळीत जाते. ऑलिव्हर विंचेस्टर (१८१०–८०) यांच्या न्यू हेवन येथील कंपनीने या रचनेचा विकास केला. १८६६ च्या प्रतिमानातील यंत्रणेची चौकट पिवळ्या मिश्रधातूची होती. १८७३ च्या प्रतिमानात ती लोखंडाची व पुढे पोलादाची झाली. या प्रतिमानाचे ‘४४–४०’ हे काडतूस फार लोकप्रिय झाले. या नावातील पहिला आकडा अंतर्व्यासाचे इंचाच्या शंभराव्या भागातील माप, तर दुसरा काळ्या दारूचे ग्रेनमधील वजन दर्शवितो (१ ग्रेन = सु. ६५ मिग्रॅ.). हेच काडतूस रिव्हॉल्व्हरमध्येही चालत असल्याने सरहद्दीवरील लोकांना एकाच प्रकारचा साठा पुरे.

जॉन मोझेस ब्राउनिंग (१८५५–१९२६) यांनी विंचेस्टरसाठी १८८६, १८९२, १८९४ व १८९५ ही प्रतिमाने तयार केली. १८९४ च्या रायफलीसाठी पुढील वर्षी धूरविरहित दारूचे ‘३०–३०’ काडतूस बाजारात आले. हलकी, चपटी व वनात वागविण्यास सोपी अशी ही रायफल हरणाच्या शिकारीसाठी घराघरांत पोहोचली व पुढे तिचे उत्पादन सत्तर लाखांवर गेले. १८९५ चे प्रतिमान थीओडोर रूझवेल्ट (१८५८–१९१९) यांनी आपल्या १९०९–१० मधील आफ्रिकेच्या सफरीत वापरले. मार्लिन कंपनीने चौकटीचा माथा बंद ठेवून रिकामे काडतूस बाजूने बाहेर टाकण्याची योजना केली. आर्थर सॅव्हेज (१८५७–१९३८) यांच्या १८९९ च्या प्रतिमानात बाहेरचा घोडा नाहीसा होऊन काडतुसांसाठी फिरती कोठी आली. काडतुसे एकामागे एक ठेवण्याची नळी नसल्याने तीत टोकदार गोळ्या निर्धोकपणे वापरता येत.

खिट्टीच्या रायफली : पहिल्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना १९०३ च्या स्प्रिंगफील्ड लष्करी रायफलीची सवय झाली होती. तिच्यासारख्या खिट्टीच्या यंत्रणेवर आधारलेल्या शिकारी रायफलींना त्यामुळे मागणी आली. न्यूयॉर्क येथील ग्रिफिन अँड हौ यांसारख्या कार्यशाळांनी लष्करी यंत्रणेवर उत्तम अक्रोडाचे दस्ते बसवून देखण्या रायफली घडविल्या. विंचेस्टरने १९२५ मध्ये ‘५४’ व १९३६ मध्ये ‘७०’ ही प्रतिमाने काढली. खर्चात बचत करण्यासाठी १९६४ मध्ये कंपनीने आपल्या उत्पादनपद्धतीत मोठे बदल केले. ‘७०’ प्रतिमानातील काडतुसाची कड आरंभापासून पकडून ठेवणारी रुंद आकडी गेली व दस्त्यावरील हाताने कोरलेल्या जाळीदार नक्षीऐवजी दाबून उठविलेली नक्षी आली. ग्राहकांनी या बदलांचे स्वागत केले नाही. ‘१९६४ पूर्वीची’ ही संज्ञा तेव्हापासून संग्राहकांच्या भाषेत रूढ झाली.

संग्रहाचा विकास : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संग्राहकांचे लक्ष मुख्यतः लष्करी व अलंकृत हत्यारांकडे होते. शिकारी रायफलींविषयीचे कुतूहल वाढण्यास १९५० मधील विंचेस्टर ’७३ या चित्रपटाने हातभार लावला. विंचेस्टर कंपनीने १८७५ पासून, चाचणीत विशेष अचूक ठरलेल्या नळ्या वेगळ्या काढून त्यांवर ‘हजारांत एक’ अशा अर्थाचे शब्द कोरलेल्या रायफली शंभर डॉलरला विकल्या होत्या. १८७३ च्या प्रतिमानात अशा सु. १३० रायफलीच निघाल्या. चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी त्यांचा देशभर शोध घेण्यात आला व विस्मृतीत गेलेले काही नमुने उजेडात आले. विंचेस्टर कंपनीचा स्वतःचा संग्रह १९७० नंतरच्या दशकात वायोमिंग राज्यातील कोडी येथील संग्रहालयात हलविण्यात आला. विंचेस्टर, मार्लिन इ. कंपन्यांच्या जुन्या नोंदवह्याही तेथे आहेत. अनुक्रमांक कळविल्यास विशिष्ट रायफल कोणत्या दिवशी व कोणत्या स्वरूपात कारखान्याबाहेर पडली, याचा उतारा, नोंद शिल्लक असल्यास, तेथून मिळतो.

परीक्षण व श्रेणी : नमुन्याचे मूल्य विरळपणा, मूळ स्थिती, कारागिरी आणि पूर्वेतिहास यांवर अवलंबून असते. स्थितीसाठी कारखान्यातून नुकत्याच आलेल्या नमुन्यापासून निकृष्टापर्यंत श्रेणी ठरविलेल्या आहेत. नळीवरील निळसर-काळी झिलई, पृष्ठ-कठिनीकरणामुळे चौकटीवर उमटलेल्या निळ्या-करड्या रंगछटा आणि दस्त्यावरील मूळ लेप यांपैकी किती भाग शिल्लक आहे, हे त्यासाठी पाहतात. विंचेस्टर व मार्लिन यांच्या काही रायफलींवर उल्‌रिक घराण्यातील कारागिरांनी प्राण्यांची चित्रे व वेलबुट्टी कोरली असून, अशा नमुन्यांना कलावस्तूचा दर्जा आहे.

नव्याने झिलई केलेली रायफल अननुभवी व्यक्तीस अधिक सुंदर वाटते. परंतु घासकामात चौकटीच्या कडा गोलावतात, अक्षरे पुसट होतात व स्क्रूच्या भोकांभोवती खोलगट भाग पडतो. मूळ दस्त्याचे लाकूड धातूच्या जोडापाशी किंचित वर उठलेले असते. ते खाली गेले असल्यास दस्ता घासला गेला आहे, असे समजावे. साध्या रायफलीवर नव्याने नक्षी करणे, दुर्मिळ लांबीची नळी बसविणे, अनुक्रमांक बदलणे असे बनावटीचे प्रकार आढळतात. अशा वेळी कारखान्याच्या नोंदीचा उतारा निर्णायक ठरतो. मात्र नोंद रायफलीच्या जन्माची असते. नंतरच्या मालकाविषयीची कौटुंबिक आख्यायिका तिने सिद्ध होत नाही.

जतन व वापर : हाताळणीनंतर घामाचे क्षार पुसून धातूवर तेलाचा अथवा मेणाचा पातळ थर देतात. रायफल चामडी म्यानात दीर्घकाळ ठेवल्यास ते ओलावा धरते व गंज चढतो. काळ्या दारूसाठी बनविलेल्या रायफलीत धूरविरहित दारूची जोरदार काडतुसे वापरणे प्राणघातक ठरू शकते. म्हणून तज्ञाच्या तपासणीविना जुनी रायफल झाडू नये.

कायदा : १९६८ च्या संघीय कायद्यानुसार १८९८ पर्यंत तयार झालेली हत्यारे पुरातन समजली जातात व त्यांना बरेच निर्बंध लागू होत नाहीत. त्यामुळे एकाच प्रतिमानाच्या दोन रायफलींना केवळ उत्पादनवर्षामुळे वेगळे नियम लागू होतात. राज्यांचे कायदेही भिन्न आहेत. १९३७ च्या कायद्याने शिकारी हत्यारे व दारूगोळा यांवरील उत्पादन शुल्क राज्यांच्या वन्यजीव संवर्धन कार्यासाठी राखून ठेवण्यात आले. रायफलींवर त्याचा दर ११ टक्के आहे. ज्या हत्यारांनी मैदाने ओसाड केली, त्यांच्याच वंशातील हत्यारांच्या विक्रीतून वन्यजीवांच्या पुनरुज्जीवनास निधी मिळाला.

दोन उदाहरणे : जेरोनिमो या अपाची नायकाचा पाठलाग करणाऱ्या तुकडीचे अधिकारी हेन्री लॉटन यांना मिळालेली, १८८६ च्या प्रतिमानातील पहिल्या क्रमांकाची रायफल २०१६ मध्ये लिलावात सु. १२ लाख ६५ हजार डॉलरला विकली गेली. तिचा पूर्वेतिहास नि:संशय ज्ञात होता. याउलट नोव्हेंबर २०१४ मध्ये नेव्हाडातील ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात एका जुनिपर वृक्षाला टेकवून ठेवलेली १८७३ च्या प्रतिमानाची रायफल सापडली. तिचा दस्ता करडा पडून तडकला होता, त्याचा खालचा भाग मातीत रुतला होता आणि नळी गंजली होती. अनुक्रमांकावरून ती १८८२ मधील असल्याचे कोडी येथील नोंदींत आढळले. परंतु ती कोणी व केव्हा ठेवली, हे कळू शकले नाही. क्ष-किरण तपासणीत दस्त्याच्या पोकळीत एक काडतूस दिसले. कोडीच्या तज्ञांनी गंज घासून काढला नाही, की नवा दस्ता बसविला नाही. झिजलेले लाकूड आणखी सुटू नये, एवढीच तजवीज केली. त्याच अवस्थेत ती उद्यानात प्रदर्शनार्थ ठेवण्यात आली. तिच्या अज्ञात मालकाविषयी जे काही सांगता येते, ते या तडा व गंज यांतूनच.