एका नांवाची चूक

रोगाप्रमाणें रोगाचें नांवहि कधीं कधीं रोग्यास भोंवतें. लहान आंतड्यांतील ज्या अर्बुदास आज ‘न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर’ म्हणतात, त्याचा इतिहास याची साक्ष देतो.

सन १९०७ मध्यें म्युनिक येथील विकृतिशास्त्रज्ञ सिगफ्रीड ओबेर्नडॉर्फर यांनीं या लहान, सावकाश वाढणाऱ्या गांठींस ‘कार्सिनॉइड’, म्हणजे कर्करोगासारख्या दिसणाऱ्या, असें नांव दिलें. त्या निरुपद्रवी आहेत असें त्यांस वाटलें. नांव रूढ झालें आणि त्याबरोबर निर्धास्तपणाहि. परंतु १९२९ सालीं त्यांनीं स्वतःच या गांठी पसरूं शकतात असें लिहिलें. आपणच केलेलें बारसें बावीस वर्षांनीं चुकलें असें कबूल करण्याचें धैर्य विद्वानांत विरळेंच. पुढें १९३३ मध्यें ज्यू म्हणून त्यांचें पद गेलें. इस्तंबूल येथें आश्रय घेऊन ते १९४४ मध्यें तेथेंच निवर्तले.

१९५४ सालीं स्वीडनमधील वैद्यांनीं या रोगाचें पूर्ण चित्र मांडलें. गांठ आंतड्यापुरती असते तोंवर तिचा स्राव यकृतांत निष्प्रभ होतो. ती यकृतांत पसरली म्हणजे तोच स्राव रक्तांत मिसळून चेहरा लाल होतो, जुलाब लागतात, हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपा जाड होतात. म्हणजे ठळक लक्षणें दिसतात तेव्हां बहुधा उशीर झालेला असतो. तत्पूर्वीं उमरेडसारख्या गांवीं काय घडत असेल? जेवणानंतर कळ येते, ओवा-सुंठीनें थांबते. कोणी अपचन म्हणतो, कोणी आंतड्याचा क्षय. आणि वर्षें निघून जातात.

हें नांव आपल्या घरोघरीं पोचलें तें मार्च २०१८ मध्यें, नट इरफान खान यांनीं याच कुळांतील आपला आजार जाहीर केला तेव्हां. आज गांठीचा तुकडा तपासून व गॅलियम-६८ च्या पेट-स्कॅननें निदान पक्कें करितां येतें. शस्त्रक्रिया हा मुख्य उपाय. ऑक्ट्रिओटाइडचीं इंजेक्शनें स्रावास आवर घालतात. आणि ल्युटेशियम-१७७ हें किरणोत्सारी द्रव्य थेट गांठीच्या पेशींस जाऊन चिकटतें. तें द्रव्य तुर्भ्याच्या ‘ध्रुव’ अणुभट्टींत तयार होतें, व परळच्या विकिरण औषधि केंद्रांत त्याचा उपचार मिळतो, ही महाराष्ट्रास अभिमानाची गोष्ट होय.

परंतु उमरेडहून परळची वाट एका शंकेपासून सुरू होते. पुन्हा पुन्हा येणाऱ्या कळेस दिलेलें पहिलें नांव चुकलें असेल काय, हा प्रश्न वैद्यानें वेळींच स्वतःस विचारिला पाहिजे. ओबेर्नडॉर्फर यांस तो विचारण्यास बावीस वर्षें लागलीं. रोग्याजवळ तितका अवकाश असेलच असें नाहीं.